उत्तर कोकणातील गृहसजावटीत आरशाचे स्थान : माकुणसार परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकांनी किल्ले, मंदिरे, ताम्रपट आणि दप्तरे यांचा जेवढा विचार केला, तेवढा सामान्य माणसाच्या घरातील वस्तूंचा केलेला नाही. घराच्या भिंतीवर काय टांगले जाई, ते केव्हापासून टांगले जाऊ लागले आणि त्यापूर्वी ते का टांगले जात नव्हते, हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. तथापि घर बांधण्याची रीत, व्यापाराचे मार्ग आणि प्रतिष्ठेच्या कल्पना या तिहींचा छेद अशा एखाद्या साध्या वस्तूत सापडतो. आरसा ही तशी वस्तू आहे. प्रस्तुत निबंधात पालघर तालुक्यातील माकुणसार आणि त्याच्या आसपासचा केळवे-माहीम, सफाळे, बोईसर-तारापूर हा किनारी टापू समोर ठेवून आरसा गृहसजावटीचे अंग कसा झाला, याचा विचार केला आहे.

शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. मराठीतील 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श' या शब्दापासून प्राकृतातून आला. 'दर्पण' हा संस्कृत शब्द धार्मिक विधीत टिकून राहिला. 'ऐना' हा फारसीतून आला. आणि उत्तम, पारदर्शक काचेच्या आरशाला 'बिलोरी' हे विशेषण लागले. हे शब्द एकाच वस्तूची नावे असले तरी त्यांच्यामागे निरनिराळे थर आहेत. पहिले दोन शब्द धातूच्या आरशाच्या काळातील होत. 'ऐना' आणि 'बिलोरी' यांच्याबरोबर दरबार, आयात माल आणि काच यांचे जग मराठीत शिरले.

काचेचा आरसा येण्यापूर्वी आरसा हातात धरावयाचा असे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील प्रसाधनचित्रात राजस्त्रीच्या हाती असा गोल आरसा आहे. तेर आणि भोकरदन या सातवाहनकालीन नगरांच्या जागी सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती या बाबतीत विशेष उल्लेखनीय आहेत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्यांचे निकटचे साम्य आहे. पाँपेईची मूर्ती प्रथम आरशाची मूठ मानली गेली. पुढे तिच्या मस्तकावरील छिद्रामुळे ती एखाद्या आसनाचा वा चौरंगाचा भाग असावी, असेही मत मांडले गेले. हा वाद बाजूस ठेवला तरी आरसा हा त्या काळी व्यक्तीच्या शृंगाराचा भाग होता, वास्तूच्या शृंगाराचा नव्हता, एवढे निश्चित.

व्यक्तीप्रमाणेच देवाच्या सेवेतही आरशाला स्थान होते. छत्र आणि चामर यांच्या जोडीने देवाला दर्पण दाखविणे हा राजोपचारांपैकी एक उपचार होय. जी मूर्ती मातीची अथवा रंगविलेली असल्याने भिजविता येत नाही, तिच्या आरशातील प्रतिबिंबास स्नान घालण्याची रीतही प्रसिद्ध आहे. मराठी घरातील स्त्रीच्या फणेरपेटीत झाकणाच्या आतील बाजूस बसविलेला छोटा आरसा याच परंपरेतला. कुंकू लावण्यापुरती पेटी उघडावयाची आणि काम होताच झाकावयाची. ह्या आरशाचे वैशिष्ट्य असे की तो एरवी दृष्टीस पडत नाही. सजावटीचा आरसा मात्र सतत दिसावा म्हणूनच लावलेला असतो. झाकलेल्या आरशापासून उघड्या आरशापर्यंतचा प्रवास हा या निबंधाचा विषय आहे.

हा प्रवास प्रथम राजवाड्यांत घडला. लाहोरच्या किल्ल्यातील शीशमहाल १६३१-३२ च्या सुमाराचा आहे. आग्रा आणि आमेर येथेही असे महाल उभे राहिले. या कामात वापरलेली काच सपाट नसे. काचेचा गोळा फुगवून त्याला आतून शिसे अथवा कथील यांचा लेप देत आणि मग तो फोडून त्याचे तुकडे गच्चीत बसवीत. तुकडे किंचित बहिर्गोल असल्याने प्रत्येकात एका दिव्याची स्वतंत्र लहान प्रतिमा उमटते आणि एका ज्योतीच्या शेकडो ज्योती होतात. वस्त्रावर टाकण्याची 'आभली' याच रीतीने तयार होत. गुजरातेतील कपडवंज हे त्यांचे जुने केंद्र होते. युरोपात याच काळी वेगळी वाट धरली गेली होती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील कारागीर सपाट काचेला कथील-पाऱ्याचा लेप देत. पुढे फ्रान्सने हे तंत्र आत्मसात केले आणि १६७८ ते १६८४ या काळात व्हर्सायच्या राजवाड्यात ३५७ आरशांचे दालन सजले. तेथे आरशांचे काम समोरच्या खिडक्यांतील उद्यान आणि प्रकाश आत ओढून घेण्याचे होते.

मराठी राज्यात या वैभवाचा उल्लेख पुण्याच्या शनिवारवाड्याच्या वर्णनात येतो. १७३० मध्ये पाया घातलेल्या आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या या वाड्यातील दालनांत 'आरसे महाल' हे नाव आढळते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. त्यामुळे आज नावापलीकडे पाहण्यासारखे काही उरले नाही. भुज येथे अठराव्या शतकाच्या मध्यास राव लखपतजींच्या आश्रयाने रामसिंग मालम या कारागिराने उभारलेला आईना महाल मात्र, २००१ च्या भूकंपात हानी पोहोचूनही, त्या युगाची कल्पना देऊ शकतो.

उत्तर कोकणाचा किनारा या घडामोडींपासून दूर नव्हता. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती आणि माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी त्यांच्या उत्तर प्रांतात मोडत. १७३९ च्या आरंभी ही ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या मोहिमेनंतर चर्चमधील घंटा देशावर गेल्या. मेणवलीची घंटा आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा आजही तेथे आहेत. घंटा टिकली, कारण ती धातूची होती आणि देवळात तिला नवे काम मिळाले. आरशाचे तसे नाही. तो फुटतो, त्याचा लेप उडतो आणि लेप उडालेल्या आरशाला कोणी जपत नाही. गृहसजावटीच्या इतिहासाची साधने विरळ असण्याचे एक कारण वस्तूच्या या स्वभावातच आहे. म्हणून वस्तू सापडत नाही एवढ्यावरून ती नव्हतीच, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. अशा ठिकाणी वस्तूपेक्षा तिला आधार देणाऱ्या घराकडे पाहणे अधिक फलदायी होते.

आरशाने भिंत सजवावयाची तर तीन गोष्टी लागतात : भार पेलणारी भिंत, आत येणारा प्रकाश आणि कोरडी हवा. उत्तर कोकणातील जुन्या सामान्य घरात या तिन्हींची उणीव होती. कारवीच्या कुडाला शेणामातीचा लिंपा देऊन केलेली भिंत पातळ असते. तिच्यात ठोकलेला खिळा जड चौकट धरू शकत नाही. घराचे वजन लाकडी खांबांवर असते. म्हणून टांगावयाची वस्तू खांबाला किंवा खुंटीला टांगावी लागते आणि ती हलकी असावी लागते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पागोळ्या खाली उतरविलेल्या असतात. परिणामी माजघरात दिवसाही अंधार असतो. अंधाऱ्या भिंतीवरचा आरसा अंधारच दाखवितो. तिसरी गोष्ट हवेची. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत आरशाच्या मागील धातूचा लेप कडेपासून काळवंडत जातो. अशा घरात छोटा आरसा पडवीत किंवा ओटीवर, जेथे उजेड असेल तेथेच उपयोगी पडे. आणि तो दाढी करण्यासाठी वा केस विंचरण्यासाठी असे, शोभेसाठी नव्हे.

याच्या उलट उदाहरण कच्छचे घेता येईल. तेथील भुंग्यांच्या जाड मातीच्या भिंतींवर ओल्या मातीच्या उठावकामात आरशाचे तुकडे बसविण्याची लिंपणकामाची परंपरा आहे. तुकडा भिंतीतच रुतलेला असल्याने त्याला खिळा लागत नाही. हवा कोरडी असल्याने लेप टिकतो. आणि तुकडे जवळच्याच बाजारपेठेतून मिळतात. समुद्रमार्गाने कच्छ-काठेवाडाशी संबंध असूनही उत्तर कोकणात हे काम रुजले नाही, याचे कारण रुचीच्या अभावात शोधण्यापेक्षा भिंतीत आणि हवेत शोधणे अधिक सयुक्तिक होय. भिंत उजळ करण्याची इच्छा येथेही होतीच. वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जाणारा चौक अंधाऱ्या घरात जे तेज आणतो, ते याच इच्छेचे दुसरे रूप मानता येईल. त्या पांढऱ्या रेषेला ना खिळा लागतो, ना आयात माल.

परिस्थिती पालटली ती एकोणिसाव्या शतकात, आणि ती तीन दिशांनी पालटली. पहिली दिशा मुंबईच्या समुद्रव्यापाराची. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांच्या दिवाणखान्यांत कोरीव लाकडी सामान, चिनी काचचित्रे आणि मोठे आरसे आले. तारापूर, बोर्डी, संजाण या किनाऱ्यावर पारशी वस्ती असल्याने मुंबईची ही रुची या टापूला अपरिचित राहणे शक्य नव्हते. दुसरी दिशा रसायनशास्त्राची. १८३५ मध्ये युस्टुस फोन लीबिख या जर्मन शास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढविण्याची रीत शोधून काढली. पाऱ्याचे विषारी काम हळूहळू मागे पडले आणि शतकाच्या उत्तरार्धात आरसा स्वस्त झाला. बेल्जियम हा काचेच्या निर्यातीत अग्रेसर देश होता. चांगल्या आरशाला 'बेल्जियमचा आरसा' म्हणण्याची मराठी घरांतील सवय त्या व्यापाराची साक्ष आहे.

तिसरी दिशा लोहमार्गाची. १८६४ मध्ये मुंबई आणि सुरत यांच्यामधील मार्ग पूर्ण झाला आणि हा किनारा मुंबईच्या बाजाराशी थेट जोडला गेला. काचेसारखा नाजूक माल गलबतातून आणणे आणि आगगाडीतून आणणे यांत मोठाच फरक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाजीपाला, पाने आणि फळे मुंबईस पाठवून आलेल्या पैशातून विटांच्या भिंती, मंगलोरी कौले आणि गजांच्या खिडक्या असलेले घर बांधणे शक्य झाले. भार पेलणारी भिंत आणि आत येणारा प्रकाश ह्या दोन अटी अशा रीतीने प्रथमच एकत्र पुऱ्या झाल्या. आरसा ओटीवरून दिवाणखान्यात गेला, कारण दिवाणखाना आता अस्तित्वात आला होता.

दिवाणखान्यात तो एकटा नव्हता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचविली. चित्र आणि आरसा या दोहोंना एकाच प्रकारची लाकडी चौकट लागे आणि दोन्ही दोरीने पुढे कलते टांगले जात. या कलत्या टांगणीला कारण आहे. जमिनीवर बसणाऱ्या माणसाला उंचावरील आरशात स्वतःचे मुख दिसावे, तर तो खाली झुकलेलाच हवा. पुढे टेबल-खुर्च्या आल्या आणि आरसा सरळ झाला. चौकटीच्या मागील दोरीची खूण हीदेखील बैठकीच्या बदलाची नोंद ठरू शकते.

स्वदेशी चळवळीचा या क्षेत्रावरील परिणाम मर्यादित दिसतो. पैसा फंडाच्या आश्रयाने १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला आणि १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना कऱ्हाडजवळ उभा राहिला. ओगलेवाडीचे नाव मुख्यतः 'प्रभाकर' कंदिलाशी जोडले गेले. कंदील ही गरज होती; दिवाणखान्यातील मोठा सपाट आरसा ही हौस होती. नव्या भारतीय काचधंद्याने गरजेपासून आरंभ करावा, हे स्वाभाविकच होते.

ह्या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष असा की जुना आरसा हा कालनिर्णयास उपयोगी पडणारा पुरावा आहे. कथील-पाऱ्याच्या आरशाची पाठ राखट आणि चकचकीत असते, तिच्यावर रंगाचा लेप नसतो आणि चौकटीच्या खालच्या कडेस पाऱ्याचे सूक्ष्म थेंब साचलेले आढळू शकतात. म्हणून असा आरसा उघड्या हातांनी सोडवू नये. चांदीच्या आरशात प्रतिबिंबाला किंचित पिवळसर उबदार छटा असते आणि मागील बाजूस तपकिरी वा तांबूस रंगाचा संरक्षक लेप असतो. प्रतिबिंब लहरत असेल तर काच जुन्या रीतीने केलेली. अगदी सपाट असेल तर ती बहुधा १९५९ मध्ये इंग्लंडात जाहीर झालेल्या तरंगत्या काचेच्या पद्धतीनंतरची. ह्या चार खुणा, चौकटीचे लाकूड आणि टांगण्याची रीत एकत्र पाहिल्यास घराच्या एखाद्या खोलीचे वय ठरविण्यास मदत होते.

हा पुरावा फार काळ उपलब्ध राहणार नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले आणि बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. मुंबईची उपनगरी गाडी २०१३ मध्ये डहाणूपर्यंत आली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुनी कौलारू घरे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहत असताना तुळया, दारे आणि पितळी भांडी यांना गिऱ्हाईक मिळते. डागाळलेल्या आरशाला मिळत नाही. शिवाय फुटका आरसा घरात ठेवू नये, हा समज त्याला लवकर बाहेर काढतो.

म्हणून माकुणसार, केळवे-माहीम आणि तारापूर या गावांतील जुन्या घरांचे सर्वेक्षण करताना प्रत्येक आरशाची जागा, उंची, कल, पाठीचा लेप आणि तो घरात कसा आला याची कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिगत, एवढ्या गोष्टींची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने या जिल्ह्यातील लोकांची घरे आणि राहणी यांची जी माहिती दिली, तिच्याशी ही नोंद ताडून पाहता येईल. आरसा घरात केव्हा आला हे कळले म्हणजे भिंत केव्हा बदलली, खिडकी केव्हा उघडली आणि झाकलेल्या पेटीतील खासगी वस्तू पाहुण्यांसमोर कधी आली, हेही कळू लागते. उत्तर कोकणातील घराचा इतिहास लिहिण्यास दप्तरे अपुरी पडतात. तेथे ही साक्ष उपयोगी पडेल.