गुरूची अब्रू आणि भक्ताची फिर्याद

१८६२ चा मुंबईतला ‘महाराज लायबल’ खटला करसनदास मुळजींचा विजय म्हणून सांगितला जातो. तो होताही. डॉ. भाऊ दाजी लाडांनी धर्मगुरूविरुद्ध साक्ष दिली आणि निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. परंतु दावा होता जदुनाथजी महाराजांच्या बदनामीचा, मागणी ५०,००० रुपयांची. ज्या स्त्रियांच्या शोषणाविषयी लेख होता, त्या पक्षकारच नव्हत्या.

त्यांची बाजू कायद्यात यायला साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यावे लागले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. आठवडाभरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याची अनुसूची वाचावी. अंगी दैवी शक्ती असल्याचे भासवून, किंवा ‘गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस’ असे सांगून शरीरसंबंध ठेवणे, अपत्यप्राप्तीचे आश्वासन देऊन ते ठेवणे, हे स्वतंत्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र. ‘तिची संमती होती’ हा बाबा-बुवांचा जुना बचाव येथेच दुबळा होतो. श्रद्धेला फसवून मिळवलेला होकार कायद्याने ओळखला.

बलात्काराच्या कलमातही विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानाचा गैरवापर २०१३ पासून अधिक गंभीर ठरतो. पीडित अल्पवयीन आणि आरोपी धार्मिक संस्थेचा व्यवस्थापक वा सेवक असेल, तर ‘पॉक्सो’चे कलम ५ लागते.

आज साताऱ्यात वा सांगलीत पीडितेने कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी; हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. बलात्काराच्या फिर्यादीला मुदतीचे बंधन नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो.