घरी परतलेला मनोरुग्ण : एका संशोधनाचा इतिहास

मनोरुग्णालयांच्या इतिहासात दीर्घकाळ एकच प्रश्न प्रमुख होता : रुग्ण बरा झाला की नाही? रुग्णालयाचे दार ओलांडल्यावर तो कोठे व कोणाबरोबर राहतो, हा प्रश्न गौण मानला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यास ही दृष्टी पालटली. इंग्लंड व वेल्समधील मनोरुग्णालयांची रुग्णसंख्या १९५४ मध्ये सुमारे दीड लाखापर्यंत पोहोचून पुढे उतरू लागली. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझीन हे औषध प्रचारात आले आणि वर्षानुवर्षे आत राहिलेली माणसे समाजात परतू लागली.

अशा २२९ पुरुषांचा मागोवा घेणारा जॉर्ज ब्राउन, मॉरिस कार्स्टेअर्स व त्यांच्या सहकारी यांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आईवडिलांच्या किंवा पत्नीच्या आश्रयाला गेलेला रुग्ण अधिक सुरक्षित, ही सर्वसामान्य समजूत. प्रत्यक्षात भावंडांकडे वा भाड्याच्या खोलीत राहणारेच रुग्णालयाबाहेर अधिक टिकून राहिले. आईजवळ राहणाऱ्यांतही, दोघांपैकी कोणी कामानिमित्त घराबाहेर जात असल्यास धोका कमी होई.

मुळात अधिक आजारी असलेलेच घरी गेले असतील, ही शंका रास्त होय. १९७२ मध्ये ब्राउन, बर्ली व विंग यांनी छिन्नमनस्कतेच्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टीका, वैरभाव व अतिगुंतवणूक अधिक असलेल्या कुटुंबांत नऊ महिन्यांत ५८ टक्के रुग्णांचा आजार उलटला. इतरत्र १६ टक्के. रुग्णाचे पूर्वीचे वर्तन व कामातील असमर्थता हिशेबात घेऊनही हा भेद उरला.

यावरून कुटुंबच रोगाचे मूळ, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. संशोधकांनी मोजला तो रोगाचा उद्भव नव्हे, तर त्याचे उलटणे. आणि घरच्यांची टीका ही पुष्कळदा एकाकीपणे वाहिलेल्या भाराची खूण असते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चंडीगढ येथील अभ्यासात अशा भावाविष्काराचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. म्हणजे तो कुटुंबाचा अटळ स्वभावधर्म नव्हे.

भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणास्तव कोणास रुग्णालयात ठेवता येत नाही. मात्र पर्यायी निवास, काम आणि कुटुंबास आधार यांवाचून हा हक्क कागदावरच राहील. घरी पाठविणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.