अंबडमधून पत्रकारितेची पदवी: आधी जवळचं कॉलेज, मग विद्यापीठ, हे जमतं का?

‘पहिली दोन वर्षं घराजवळच्या कॉलेजात करायची, खर्च वाचवायचा आणि मग मोठ्या विद्यापीठात जाऊन पत्रकारितेची पदवी पूर्ण करायची.’ असा सल्ला देणारे रील्स तुम्हीही पाहिले असतील. नाशिकच्या अंबड, सिडको, सातपूर भागात राहणाऱ्यांना तो लगेच पटतो. घरातलं कोणी एमआयडीसीत कामाला असतं आणि पुण्या-मुंबईत तीन वर्षं खोली, मेस आणि फी भरणं सोपं नसतं.

पण हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू केला, तर वाचलेल्या पैशांबरोबर एखादं वर्षही हातचं जाऊ शकतं. त्यामुळे आपल्याकडचे नियम काय आहेत आणि त्यात कोणता रस्ता बसतो, हे आधी समजून घेऊ.

अमेरिकेत हे कसं चालतं?

तिथे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज. विद्यार्थी साधारण ६० क्रेडिटची ‘असोसिएट’ पदवी घेतो आणि विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो. हे चालतं, कारण कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यात आधीच करार झालेला असतो. कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला जाईल, याची यादी तयार असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर पत्रकारितेसाठी खास ट्रान्सफरची असोसिएट पदवी आहे.

भारतात कम्युनिटी कॉलेज नाहीत का?

आहेत, पण त्यांचं काम वेगळं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. स्थानिक उद्योगांना लागणारी कौशल्यं शिकवणं आणि प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा देणं हा तिचा मुख्य हेतू. असा डिप्लोमा केला म्हणजे विद्यापीठाच्या पदवीत थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेलच, असं नाही.

म्हणून अंबडच्या विद्यार्थ्यासाठी ‘जवळचं कॉलेज’ म्हणजे प्रत्यक्षात विद्यापीठाशी संलग्न असलेलं साधं पदवी कॉलेज. उदाहरणार्थ, सिडकोतलं मविप्र संस्थेचं वावरे कॉलेज. नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. त्यामुळे संलग्न कॉलेज नाशिकमध्ये असलं, तरी पदवी पुणे विद्यापीठाचीच मिळते. ही गोष्ट पुढच्या हिशोबात फार महत्त्वाची आहे.

मध्येच विद्यापीठ बदलता येतं का?

कागदावर येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. तिला थोडक्यात ‘एबीसी’ म्हणतात. तुम्ही पास केलेल्या विषयांची क्रेडिट तुमच्या नावावर या बँकेत जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. मात्र त्यासाठी तीन नियम माहीत हवेत.

पहिला, जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात.

दुसरा, एकदा एखाद्या प्रमाणपत्रासाठी किंवा पदवीसाठी वापरलेली क्रेडिट पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाहीत.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. २०२१ च्या एबीसी विनियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावी लागतात.

५० टक्क्यांचा हिशोब

महाराष्ट्रात नव्या धोरणानुसार एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. २२ धरले तर वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६.

समजा, तुम्ही नाशिकमध्ये पुणे विद्यापीठाची दोन वर्षं केली. हाती ८८ क्रेडिट आहेत. आता मुंबईच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं आहे. तिथे उरतात फक्त ४४, म्हणजे एक तृतीयांश. अर्ध्याची अट पूर्ण होत नाही.

एक वर्ष करून गेलात, तर नव्या विद्यापीठात ८८ क्रेडिट होतात आणि अट बसते. ‘दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे’ हे गणित बसतं ते फक्त चार वर्षांच्या पदवीत: ८८ अधिक ८८.

म्हणजे रीलमध्ये सांगितलेली दोन वर्षांची योजना आपल्या तीन वर्षांच्या पदवीत बसतच नाही.

गणित बसलं तरी दोन अडचणी उरतात. नव्या विद्यापीठात त्या वर्षाला जागा रिकामी लागते. आणि तुमचे विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळावे लागतात. मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसीत (पूर्वीचं बीएमएम) पहिल्या वर्षापासून माध्यमांचे विषय असतात. साध्या बीएचं पहिलं वर्ष मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेऊन केलं असेल, तर मधले विषय कसे भरून काढायचे हा प्रश्न येतोच.

मग सोपा रस्ता कोणता?

आपल्याकडे पत्रकारितेत जायला पदवी पत्रकारितेचीच हवी, अशी अट सहसा नसते. म्हणून विद्यापीठ बदलायची सर्वांत सुरक्षित जागा पदवीच्या मध्ये नाही, पदवीच्या शेवटी आहे. तीन रस्ते पाहा.

रस्ता १: घरी राहून पदवी, मग पुण्यात पदव्युत्तर. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी यांपैकी एखाद्या विषयात नाशिकमध्येच पदवी घ्या. नंतर पुणे विद्यापीठाच्या संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभागात, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश परीक्षा द्या. बाहेर राहण्याचा खर्च तीन ते पाच वर्षांऐवजी दोन वर्षांचा होतो. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल, तर नव्या रचनेत एका वर्षात पदव्युत्तर करण्याची सोय आहे. तुमच्या विषयाला ती लागू आहे का, हे विभागाला विचारा.

रस्ता २: नाशिकमध्येच पत्रकारिता. कॉलेज रोडवरचं एचपीटी कॉलेज १९२४ पासूनचं आहे आणि तिथे पत्रकारिता विभाग आहे. अंबडहून रोज जाऊन-येऊन करता येतं. यंदा कोणत्या पातळीवरचे अभ्यासक्रम सुरू आहेत, हे कॉलेजात जाऊन विचारा. हे कॉलेज पुणे विद्यापीठाशीच संलग्न असल्याने सिडकोतल्या कॉलेजातून तिथे गेलात, तर विद्यापीठ बदलत नाही, फक्त कॉलेज बदलतं. विषय आणि जागेचा प्रश्न मात्र इथेही असतो.

रस्ता ३: पदवीच्या जोडीला मुक्त विद्यापीठ. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. यूजीसीने २०२२ मध्ये एका वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. त्यातला एक नियमित आणि दुसरा दूरशिक्षणाचा असू शकतो. म्हणजे सकाळी कॉलेज आणि सोबत दूरशिक्षणातून माध्यमांचा अभ्यासक्रम, असं करता येतं. तो अभ्यासक्रम यूजीसीच्या त्या वर्षीच्या मान्यता यादीत आहे का, हे आधी पाहा.

नियोजन उलट्या दिशेने करा

बहुतेक जण आधी जवळचं कॉलेज निवडतात आणि पुढचं नंतर बघू म्हणतात. तसं करू नका. शेवटी पदवी किंवा पदव्युत्तर पदवी कोणत्या विद्यापीठाची हवी, हे आधी ठरवा. मग मागे येत पहिल्या वर्षाचे विषय निवडा. अकरावी-बारावीतच हे केलं तर उत्तम.

प्रवेशाआधी ही तयारी ठेवा:

• डिजिलॉकरवरून अपार/एबीसी आयडी काढा. प्रत्येक सत्रानंतर क्रेडिट जमा झाली का, हे पाहा. नसतील तर लगेच परीक्षा विभागात अर्ज द्या.

• ज्या विद्यापीठात जायचं आहे, त्याला ई-मेल करून विचारा: दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश देता का? कोणते विषय ग्राह्य धराल? उत्तर लेखीच घ्या.

• पास केलेल्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सांभाळून ठेवा. विषय जुळतात का, हे ठरवताना तोच मागतात.

• विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट, कॉलेज सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि नव्या विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. अर्ज निकालाच्या दिवशीच करा.

• शिष्यवृत्ती घेत असाल, तर कॉलेज किंवा अभ्यासक्रम बदलल्यावर ती सुरू राहील का, हे महाडीबीटीच्या नियमांत पाहा.

• पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवून प्रमाणपत्र घ्यायचं असेल, तर ४४ क्रेडिटवर आणखी ४ क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप लागते. त्यानंतर ३ वर्षांच्या आत परत येता येतं.

अंबडमध्ये राहण्याचा फायदा

पत्रकारितेच्या प्रवेशात आणि नोकरीत शेवटी विचारतात ते हेच: तुम्ही काय लिहिलंय? इथे अंबडचा विद्यार्थी मागे नाही. कामगारांचे प्रश्न, कंत्राटी भरती, कारखान्यांचं सांडपाणी, महापालिकेच्या प्रभागातली कामं, मुंबई-आग्रा महामार्गावरची वाहतूक, सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी, हे सगळं घरापासून काही किलोमीटरवर आहे. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’सारखी नाशिकमध्ये वाढलेली दैनिकं शहरात आहेत, आकाशवाणीचं केंद्र आहे.

नव्या अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, क्रेडिटसाठी धरलं जातं. ते वृत्तपत्रात किंवा रेडिओवर करता येईल का, हे कॉलेजला विचारा. तीन वर्षांत छापून आलेल्या दहा चांगल्या बातम्या जवळ असतील, तर रानडेच्या दारात तुम्ही मोकळ्या हाताने उभे राहणार नाही. आणि त्यासाठी पहिल्या वर्षी घर सोडायची गरज नाही.