विषयांतर

प्रस्तुत विषय काही काळ बाजूस ठेवून वक्त्याने अगर लेखकाने अन्य विषयात शिरणे, यास विषयांतर म्हणतात. पाल्हाळाशी त्याची गल्लत होते. परंतु पाल्हाळात तीच गोष्ट लांबते, विषयांतरात गोष्टच पालटते.

नीरा डाव्या कालव्यावर पोसलेल्या बारामती-इंदापूर मुलखात 'फाटे फोडणे' हा वाक्प्रचार डोळ्यांनी पाहता येतो : फाट्याचे पाणी चाऱ्यांतून उसात जिरते, ते कालव्यास पुन्हा मिळत नाही, आणि कचेरीत जबानी देणारा मूळ मजकूर सोडून बांधाच्या जुन्या तंट्यात शिरला की तेच घडते. लांबलेल्या बोलण्यास 'गुऱ्हाळ' म्हणणे मात्र अन्यायाचे वाटते. काहिलीतील रस कितीही वेळ उकळला तरी अखेर त्याचा गूळ होतो.

सहेतुक विषयांतराची थोर उदाहरणे महाभारतातील उपाख्यानांत सापडतात. द्यूतात सर्वस्व गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिरास बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतो. वरवर पाहता तिने पांडवांचा वृत्तांत खोळंबतो, परंतु तीही फाशांपायी राज्य गमावलेल्या राजाचीच असल्याने श्रोत्याचे दुःख हलके होते, आणि कथा संपल्यावर ऋषी त्यास अक्षविद्याही देतो. हे महाभारत आर्यावृत्तात मराठीत आणणारे मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी, बारामतीसच राहिले.

विषयांतराची शिस्त कीर्तनकारांइतकी कोणी जाणली नाही. पूर्वरंगात पद लावून बुवा निरूपणास लागतात, एका दृष्टांतातून दुसऱ्यात जातात, सासूसुनेच्या संवादापर्यंत उतरतात. मृदंगावरचा हात थबकलेला असतो, श्रोते मूळ चरण विसरत आले असे वाटते, तोच बुवा त्या चरणाचा सूर धरतात, झांजा एकदम लागतात, आणि मघाशी साधे वाटलेले शब्द आता अर्थाने भरून येतात. 'मूळ पदावर येणे' या प्रयोगात हीच परतण्याची वाट ऐकू येते.

लिखाणात हे काम पुष्कळदा 'असो' हा एकच शब्द करतो. गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या रचणारे ज्ञानदेव उपमांच्या ओघात दूर गेले की श्रोत्यांची क्षमा मागतात, 'हें असो' म्हणतात आणि पुढच्या श्लोकाकडे वळतात.