बसतं म्हणजे चालतं असं नाही

मागच्या रविवारी लातूरहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. "अरे, विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला ना, आता ११ टाकायचंय. आठव्या जनरेशनचा प्रोसेसर सेकंडहॅन्ड मिळतोय. माझ्या बोर्डावर बसतो म्हणे. घेऊ का?"

मी एवढंच विचारलं, "दादा, २००२ आठवतंय का?"

तिकडे शांतता... मग हसला.

तर २००२. आदल्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली होती, एक्सपीही त्याच वर्षी आली. नांदेड-लातूरच्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर म्हणजे असेंबल्ड. एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची, नीट चालायला १२८. आणि १९९८-९९ च्या मशीनमध्ये असायची ३२ किंवा ६४. नवीन घ्यायला पैसे नाहीत, मग अपग्रेड. त्यासाठी आम्ही नांदेडकर रात्रीच्या गाडीने सिकंदराबादला, चेनॉय ट्रेड सेंटर गाठायला. लातूरकर ट्रॅव्हल्सने पुण्याला. पार्ट चुकला की पुन्हा तेवढंच तिकीट, पुन्हा एक रजा. लॅमिंग्टन रोडच्या शेजारी राहणाऱ्याला यातलं दुःख कळायचं नाही.

दादाचा बोर्ड सॉकेट ३७० चा, ८१० चिपसेटवाला. त्याने पुण्याहून १.२ गिगाहर्ट्झचा सेलेरॉन आणला. पिना ३७०, सॉकेट ३७०, अगदी अलगद बसला. पॉवर दिली, पंखा फिरला, स्क्रीन काळी. दोन दिवस आम्ही रॅम काढ, रॅम घाल करत बसलो, त्यात लोडशेडिंग. कारण नंतर कळलं. इंटेलने २००१ मध्ये टुआलाटिन नावाची पिढी आणली, तिचा आकार तोच ठेवला, पण व्होल्टेज आणि बसचे सिग्नल बदलले. तिला ८१५ चिपसेटची सुधारित आवृत्ती किंवा तशीच नवी व्यवस्था असलेला बोर्ड लागायचा. दुकानदार म्हणाला, "बसला ना? मग माझा माल ठीक आहे." त्याचंही खोटं नव्हतं म्हणा!

आमच्याकडची गंमत वेगळी. ४४०बीएक्सचा बोर्ड, २५६ एमबीची रॅम लावली, स्क्रीनवर १२८ दिसली. बाबांना वाटलं फसवलं. पण रॅमवर आठच चिप्स होत्या, प्रत्येकी २५६ मेगाबिटच्या, आणि बीएक्सला १२८ मेगाबिटच्या पुढची चिप पूर्ण वाचता येत नाही. तेवढीच रॅम सोळा चिप्सची घेतली असती तर पूर्ण दिसली असती. चिप्स मोजून रॅम घ्यायची हे तेव्हा कोण सांगणार? एजीपीचा प्रकार तर याहून वाईट. ३.३ व्होल्टचं जुनं ग्राफिक्स कार्ड ८४५ च्या बोर्डावर लावून बोर्ड कायमचा जाऊ शकत असे. खाच असायची, पण काही कार्डांना दोन्ही खाचा. त्या मानाने डीडीआर प्रामाणिक. तिची खाच जुन्या एसडीरॅमच्या जागी बसूच देत नाही, त्यामुळे चूक दुकानातच कळते.

आपल्या भागाला हे नवीन नाही खरं तर. नांदेडची रेल्वे मीटरगेज, लातूरची बार्शी लाईट नॅरोगेज, आणि जवळच्या लातूर रोडला ब्रॉडगेज. लातूरची लाईन २००७-०८ मध्ये बदलेपर्यंत माल उतरवून पुन्हा चढवावा लागायचाच. पण तिथे निदान रूळ बघून कळायचं की गाडी पुढे जाणार नाही. असो.

दादाला म्हटलं, बोर्डाचा फोटो पाठव. आला. बी२५०, म्हणजे सहाव्या-सातव्या जनरेशनचा. सॉकेट ११५१, आणि आठव्या जनरेशनचा सॉकेटही ११५१! २०१७ मध्ये इंटेलने पुन्हा तेच केलं. प्रोसेसर बसेल, चालणार नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो.

"मग काय करू?"

एच३१० चा बोर्ड आणि तोच प्रोसेसर अशी जोडी एकाच दुकानातून घे, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तुझी डीडीआर४ रॅम त्यावर चालेल. मग बायोसमध्ये पीटीटी चालू कर, नाहीतर विंडोज ११ टीपीएम २.० नाही म्हणून नकार देईल.

"आणि हो," दादा म्हणाला, "तो सेलेरॉन अजून कपाटात आहे."