बालपणाची मुदत

व्यसनाधीन आईबापांचे मूल न्यायालयाने कायमचे तोडावे काय? स्पष्ट व खात्रीलायक पुराव्यावाचून मातापित्यांचा हक्क हिरावता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली बजावले. पुढे क्रॅक कोकेनची लाट आली; आईबाप हयात असूनही मुले परक्या घरी वाढू लागली. तेव्हा १९९७ च्या कायद्याने मर्यादा घातली : २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल शासनाच्या आश्रयास राहिले, तर काही अपवाद वगळता हक्कसमाप्तीचा अर्ज झालाच पाहिजे. व्यसन मात्र असल्या मुदती पाळीत नाही, आणि बालपणही कोणासाठी थांबत नाही. या पेचातून वाट काढण्यासाठी २००८ साली लंडनमध्ये विशेष न्यायालय निघाले. तेथे न्यायाधीश दर पंधरवड्यास आईबापांची स्वतः विचारपूस करू लागले. नाते तोडण्यापूर्वी ते सावरून पाहणे, हाही न्यायच नव्हे काय?