नाक्यावर थांबलेली गाडी



गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. धुळ्यात शिकला, पुढे दुबईला नोकरीस गेला, आणि आता मुलांना मराठी शाळेची हवा लागावी म्हणून कुटुंबासह कायमचा परत यायचे त्याने ठरवले आहे. फराळ झाल्यावर जरा संकोचाने म्हणाला, "सर, एक विचारू? तिथली माझी गाडी बरोबर आणावी म्हणतो. स्वतःच्या कमाईची पहिली गाडी आहे. मुलं तिच्यात वाढली. घरचं सामान आणतो तशी तीही आणायची, त्यात काय एवढं?"

मी इतिहासाचा माणूस; जकातखात्याचा नव्हे. तरी चौकशी केली. परदेशातून वापरलेली मोटार आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी, मुंबई बंदरातूनच उतरली पाहिजे, आणि तिचे चक्र उजव्या बाजूला पाहिजे. दुबईत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे तिथल्या गाडीचे चक्र डावीकडे. बाकी सगळे जमले असते तरी कराचा आकडा गाडीच्या किमतीहून मोठा! पोराचा चेहरा उतरला. "म्हणजे आपली वस्तू आपल्याच घरी आणायची नाही?" असे तो बोलून गेला.

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, आणि आजचाही नाही. आपल्या खानदेशातल्या गाडीवानाने तो दोनशे वर्षांपूर्वी विचारला असेल. त्याची गाडी बैलांची होती, एवढाच फरक.

पेशवाईतली जकात कशी असे ते आधी पाहू. आज आपल्याला सरहद्द म्हटली की नकाशावरची एक रेघ आठवते. त्या काळी जकात अशा एका रेघेवर बसलेली नसे. ती सगळ्या वाटेवर पसरलेली असे. माल भरला तेथे थळभरीत, माल उतरला तेथे थळमोड, आणि मधल्या मुलखातून नुसता गेला तरी त्याचे वेगळे देणे. बऱ्हाणपुराहून निघालेला कापडाचा गठ्ठा कोकणातल्या बंदरापर्यंत पोहोचेतो किती ठिकाणी सुटावा लागे याचा हिशेब सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून हुंडेकरी नावाचा एक वर्गच निर्माण झाला. व्यापाऱ्याने ठरावीक रक्कम हुंडेकऱ्याच्या हाती द्यायची, आणि वाटेतल्या साऱ्या नाक्यांची तोंडे त्याने बंद करायची. कुठे किती मागतात, कुठे किती घेतात आणि कुठे नुसत्या ओळखीवर गाडी सुटते, हे त्याला पाठ! आज मुंबईच्या गोदीवर परदेशचा माल सोडवून देणारा जो दलाल असतो, त्याचा हा आजोबाच म्हणा ना.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी मंदसौरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट. त्याने धुळ्यास ठाणे केले. पुढे वीस वर्षांनी, 1838 च्या कायद्याने, मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाहतुकीची जकात गेली आणि कर घ्यायचा तो समुद्राच्या बंदरावर घ्यायचा असे ठरले. हे ऐकून वाटेल की सुटला बिचारा गाडीवान. पण इलाख्याची हद्द संपली की काय? खानदेशच्या उत्तरेला होळकरांचे इंदूर, पश्चिमेला सोनगडकडे गायकवाडांचे बडोदे, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाचे हैदराबाद. तीन बाजूंनी संस्थाने, आणि प्रत्येकाचा कायदा निराळा.

आणि पूर्वेला? पूर्वेला एक अजब प्रकार होता, तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रज सरकारने देशाच्या पोटातून जकातीची एक प्रचंड रेषा काढली होती. सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे 2300 मैल लांब, आणि 1869 च्या सुमारास तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसे पहाऱ्याला. या रेषेवर बाभूळ, बोर, निवडुंग लावून माणूसच काय, जनावरही पार होणार नाही असे कुंपण वाढवले होते. हे काटेरी कुंपण पंजाबातून निघून थेट बऱ्हाणपुरापर्यंत, म्हणजे आपल्या खानदेशच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. ते नेटाने वाढवणाऱ्या अधिकाऱ्यांत अॅलन ह्यूम हे प्रमुख. होय, तेच ह्यूम, ज्यांनी 1885 मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. 1879 मध्ये ही रेषा मोडली. शिक्षक मंडळींनी दांडीची यात्रा शिकवताना मुलांना हे कुंपण अवश्य सांगावे. मिठाचा कर ही पुस्तकातली कोरडी गोष्ट राहणार नाही.

आता मोटारीकडे येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी मुंबई बंदरात उतरू लागल्या, आणि आपल्या धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता हा त्यांचा राजमार्ग झाला. नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा. रस्ता एकच, पण त्यावर राज्ये किती? सातपुडा ओलांडला की होळकर, मग देवास, मग शिंद्यांचे ग्वाल्हेर, मग धोलपूर. यात देवासची गंमत और. एकाच गावात पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. दोन गाद्या, दोन दरबार, आणि गावातून जाणारी हद्द! ब्रिटिश हिंदुस्थानचा मोटारींचा कायदा या संस्थानांना आपोआप लागू नव्हता. मोटार पाच-सहा तासांत जेवढा मुलूख मागे टाकी, तेवढ्यात तिचा धनी बदले.

या रस्त्यांची दुरवस्था पाहून 1927 मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीने सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांकडेच वळवावा. त्यातून 1929 मध्ये मध्यवर्ती रस्तेनिधी सुरू झाला. रस्ते साऱ्या देशाचे आहेत, एकेका प्रांताचे नव्हेत, हा विचार त्यामागे होता. तो पचायला वेळ लागला, हा भाग निराळा.

खानदेशी माणसाला सरहद्द खरी जाणवे ती दक्षिणेकडे. जळगाव हे अजिंठ्याच्या लेण्यांचे स्टेशन. पण लेणी निजामाच्या मुलखात. इकडचा माणूस जामनेर, पहूरवरून फर्दापूरकडे निघाला की वाटेत राज्य बदलायचे. तसेच धुळ्याहून चाळीसगाव आणि औट्रम घाट चढून कन्नडला गेले की औरंगाबादचा मुलूख. घाटाच्या पायथ्याशी ब्रिटिशांचा रुपया, माथ्यावर निजामाचा हाली शिक्का. शंभर ब्रिटिश रुपयांना हाली 116 रुपये, 10 आणे, 8 पै असा सरकारी भाव! पोस्टाची तिकिटे वेगळी. आणि जकातीचे नाव करोडगिरी. अकबराच्या वेळच्या 'करोडी' नावाच्या वसुली अधिकाऱ्याशी या शब्दाचे नाते लावतात. 1802 च्या व्यापारी तहात शेकडा 5 हा दर ठरला होता. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींना विचारून पाहा. करोडगिरीचा नाका म्हटला की गाठोडे सोडून दाखवणे आले, लेकीला माहेराहून मिळालेले लुगडे नवे की नेसलेले यावर हुज्जत आली. बोली एक, देव एक, सोयरीक एक. मधे मात्र एक दांडी आडवी.

अशी दांडी आपल्याच वाट्याला होती असे नव्हे. काठेवाड आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामध्ये वीरमगामला जकातनाका होता. 1915 मध्ये गांधीजी आफ्रिकेतून परतले तेव्हा वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने त्यांना गाठून, आगगाडीच्या उतारूंना तेथे होणारा जाच सांगितला. गांधीजींनी पत्रव्यवहार केला, पुढे व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्यापर्यंत विषय नेला, आणि 1917 मध्ये नाका उठला. चंपारणाचे नाव सर्वांना ठाऊक असते. शिंप्याने सांगितलेली ही जकातीची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

हैदराबादचा नाका मात्र पत्रव्यवहाराने उठला नाही. 1947 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजाम बाहेर राहिला. मग सरहद्दीवर छावण्या पडल्या, आणि मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी पहिला रोख धरला तो या करोडगिरी नाक्यांवर. ठिकठिकाणी नाके जाळले गेले. रझाकारांच्या भीतीने कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्यांत संसार घालून इकडच्या मुलखात आली. काल ज्या दांडीशी लुगड्यावरून वाद होई, तिच्या अलीकडे आले म्हणजे जीव वाचला, असा प्रसंग आला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सेना आत शिरली. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद शरण आले. राज्यघटनेच्या 301 व्या कलमाने देशभर व्यापार व दळणवळण खुले केले, तरी संस्थानांच्या जकाती एका रात्रीत गेल्या नाहीत. त्यांना घटनेनेच काही मुदत दिली होती. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. मग औट्रम घाटात उरला तो फक्त घाट.

सरहद्द जाते तशी येतेही. कराचीचे पाहा. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. जळगावचा मास्तर बदलीवर कराचीस गेला तर तो आपल्याच प्रांतात असे. तिथल्या नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूलला एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचेच नाव आहे, आणि कराचीत मराठी वस्तीही चांगली मोठी होती. 1936 मध्ये प्रांत वेगळा झाला. 1947 च्या 15 ऑगस्टला देश वेगळा झाला. तरीही करार असा होता की 29 फेब्रुवारी 1948 पर्यंत दोन्ही देशांमध्ये जकात नाही. 1 मार्चपासून मात्र एकाला दुसरा परका. म्हणजे एखाद्याने कराचीत घेतलेली मोटार 1935 साली आणली तर नुसता प्रवास, आणि 1948 च्या मार्चमध्ये आणली तर परदेशी आयात! मोटारीच्या चाकाला बिचाऱ्या यातले काय कळणार? अर्थात त्या धामधुमीत मोटारीची काळजी करण्याइतके भाग्यवान थोडेच. बहुतेक मंडळी हाती येईल ती पेटी घेऊन बोटीने मुंबईस उतरली.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर वर्गात एकतर्फी शिकवल्यासारखे होईल. आपल्याकडे गाडी हे घरातल्या भांड्यासारखे सामान धरत नाहीत. ती विकता येते, मोठ्या किमतीला विकता येते. आणि 'माझी जुनी गाडी' म्हणून आणून इथे दुसऱ्याच्या गळ्यात मारणारे महाभागही असतात. प्रवासापुरती गाडी नेणाऱ्यासाठी 'कार्ने' नावाचे एक पुस्तक असते. गाडी परत नेली नाही तर कर भरण्याची हमी त्यामागे असते. मुंबईची 1919 साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन अशी पुस्तके देत आली आहे. फिरून परत जाणाऱ्याची त्यात सोय आहे. कायमचे घरी परतणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि माझ्या विद्यार्थ्याचे दुःख नेमके तेच.

मला स्वतःला हे दुःख लहानपणीच कळले. माझे वडील शिक्षक. त्यांची बदली झाली आणि सामानाचा ट्रक एका गावच्या जकातनाक्यावर अडला. कारकुनाने ट्रंका मोजल्या, पंखा पाहिला, आणि शेवटी वडिलांच्या सायकलीवर बोट ठेवले. "ही नवी दिसते. पावती?" वडील सायकल रोज पुसत, हा त्यांचा अपराध! शेवटी त्यांनी सीटचे झिजलेले कातडे आणि पायडलाचा उडालेला रबर दाखवला, तेव्हा गाडी सुटली. ट्रकचा चालक अहिराणी बोलणारा, हसून म्हणाला, "गुरुजी, आते सायकल पुसू नका!" गावोगावची ती जकात पुढे टप्प्याटप्प्याने गेली. शेवटची, मुंबईची, 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा उठली.

आता आपल्या जिल्ह्यांच्या सीमेवर काय उरले आहे? नवापूरचे रेल्वे स्टेशन पाहून या. 1960 मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले आणि हद्द त्या फलाटावरूनच गेली. एक टोक महाराष्ट्रात, दुसरे गुजरातेत. बाक सुद्धा दोन्ही राज्यांत! तिथे उतारूंना कोणी अडवत नाही. मोटारीचे मात्र तसे नाही. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो: इंदूरची एमपी 09 धुळ्यात एमएच 18 होते, जळगावात एमएच 19. जुन्या राज्यातून नमुना 28 वर ना-हरकत दाखला आणा, इकडचा कर भरा, तिकडचा परत मागा. 2021 पासून केंद्र सरकारचे व काही ठरावीक नोकरदार यांच्यासाठी 'बीएच' ही देशभर चालणारी मालिका निघाली आहे, पण शेतकऱ्याला वा दुकानदाराला ती नाही.

त्या विद्यार्थ्याचे पत्र परवा आले. गाडी तिथेच विकली. मुलांनी विकण्याआधी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला म्हणे. आता इंदूरचा मावसभाऊ आपली जुनी गाडी देतो म्हणतोय, ती धुळ्यात आणायला काही अडचण नाही ना, असे त्याने विचारले आहे. मी उत्तरात नमुना 28 चे नाव लिहून पाठवले आहे.